स्क्वायर ॲफिनिटी की अमेरिकन स्ट्रॅट? दोन्ही सध्या घरात आहेत आणि डोकं फिरलंय

निळा_सूर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

वय ४३, मुक्काम पुणे. चाळिशीत गिटार हातात धरलेला माणूस. तीन वर्षांपूर्वी स्क्वायरची (फेंडर कंपनीचाच स्वस्तातला ब्रँड) ॲफिनिटी स्ट्रॅट ही इलेक्ट्रिक गिटार २४ हजारांना घेतली. नियमित वाजवतो, पण लीड (एकेक सूर घेत सोलो वाजवणं) म्हणाल तर दोन-तीन ठरलेल्या जागांच्या पलीकडे अजून गाडी जात नाही. यंदा बोनस बरा झालाय, त्यामुळे मनात किडा वळवळतोय.

त्यात मित्र कामानिमित्त महिनाभर बाहेरगावी गेला आणि जाताना त्याची फेंडर अमेरिकन प्रोफेशनल २ (अमेरिकेत बनलेली स्ट्रॅट) माझ्या घरी ठेवून गेला. "बंद घरात राहण्यापेक्षा वाजती राहील," म्हणाला. ही नवी घ्यायला गेलं तर दोन लाखांच्या आसपास. म्हणजे माझीच्या आठपट.

मग मी काय केलं? दोन्हींना एकाच कंपनीच्या, एकाच जाडीच्या (९-४२) नव्या तारा लावल्या, एकच केबल, एकच अँप, गिटार बदलताना अँपच्या बटणांना हात लावायचा नाही. बायकोला पाठमोरं बसवलं. तिला गिटारमधलं काही कळत नाही, पण ती सात वर्षं गाणं शिकलेली आहे, कान तयार आहे. मी चिठ्ठ्या टाकून बारा वेळा तोच तुकडा वाजवला आणि तिने सांगायचं, "पहिली" की "दुसरी".

बारापैकी सात बरोबर. नाणं उडवलं असतं तरी सहा आले असते. त्यातही गेन (आवाजातली खरखर) वाढवल्यावर तिने हातच टेकले. क्लीनवर (खरखर नसलेल्या आवाजात), ब्रिजच्या म्हणजे तारांच्या खालच्या टोकाजवळच्या पिकअपला (तारांचं कंपन टिपून अँपला पाठवणारा भाग) मात्र ती दोनदा लगेच म्हणाली, "ही जरा टोचते." ती माझी स्क्वायर होती.

इथवर पैसे वाचले म्हणून मी खूश. पण संध्याकाळी एकटाच वाजवत बसलो तेव्हा लक्षात आलं की गेले आठ दिवस माझा हात आपोआप अमेरिकनकडेच जातोय. नेकच्या (गिटारची लांब दांडी) कडा गोटीसारख्या गुळगुळीत. वर १५व्या फ्रेटला (नेकवरची धातूची आडवी पट्टी) जाताना अंगठा अडत नाही. व्हॉल्यूम ७ वर आणला तरी आवाज मातट होत नाही. आणि सी कॉर्ड सुरात लागतो! माझ्या स्क्वायरवर ट्यूनर हिरवा दिवा दाखवतो आणि सी वाजवला की काहीतरी खटकतं. इतके दिवस मला वाटायचं माझं बोट चुकतंय.

तर जाणकारांनी प्रकाश टाकावा. कानाला फरक नाही, हाताला आहे. हे आठपट पैसे नक्की कशाचे?

पॉवरकॉर्ड

हेडस्टॉकवरच्या (नेकचं टोक) नावाचे. धागा बंद करा.

फ्रेटवाला

पॉवरकॉर्ड, थांबा जरा, इतकं सोपं नाही. मी मुंबईत गिटार दुरुस्तीचं काम करतो, दोन्ही जातीच्या गिटारी टेबलावर उघड्या पडलेल्या रोज बघतो.

आधी हे डोक्यातून काढा की स्वस्त गिटार म्हणजे कुणीतरी ओबडधोबड तासलेली आणि महाग म्हणजे म्हाताऱ्या कारागिराने हाताने कोरलेली. दोन्हींची बॉडी आणि नेक संगणकावर चालणारं मशीनच कापतं. त्यामुळे बजेट गिटारी आज जितक्या नीट येतात तितक्या तीस वर्षांपूर्वी येत नव्हत्या. नेकचा जोड, छिद्रांची जागा, फ्रेटच्या खाचा, सगळं जिथल्या तिथे. फ्रेटची तारसुद्धा साधारण एकाच जातीची, निकेल सिल्व्हर. नावात सिल्व्हर आहे, आत चांदीचा कण नाही. तांबं, निकेल आणि जस्त.

फरक सुरू होतो मशीन थांबल्यावर. फ्रेट ठोकले की ते सगळे एका पातळीत आणायचे, मग प्रत्येकाचा माथा पुन्हा गोल करायचा, दोन्ही टोकं कानशीने मोडायची, पॉलिश करायचं. नेकच्या कडा किंचित गोलवायच्या, म्हणजे वर्षानुवर्षं वाजवलेल्या गिटारसारख्या लागतात. तुम्हाला गोटीसारखं लागलं ते हेच. नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची पट्टी) खाचा एकेक करून, त्या त्या तारेच्या जाडीच्या कानशीने खोल करायच्या. हे सगळं हाताचं आणि वेळाचं काम आहे. कॅलिफोर्नियात कोरोना गावच्या कारखान्यातला तास आणि इंडोनेशियातला तास यांचा भाव सारखा नाही. शिवाय स्वस्त गिटारला तो तास मिळतच नाही, मिनिटं मिळतात.

तुमच्या सी कॉर्डचं रहस्य नटमध्ये आहे. कारखान्यात नटच्या खाचा मुद्दाम उथळ ठेवतात, कारण उथळ खाच नंतर खोल करता येते, खोल झालेली भरता येत नाही. पण मग पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर तार दाबताना ती जास्त ताणली जाते आणि सूर चढा लागतो. मोकळी तार सुरात, दाबलेली तार चढी. ट्यूनर बिचारा मोकळी तारच ऐकतो. तुमचं बोट निर्दोष आहे.

आता आतला माल. ॲफिनिटीत पिकअपच्या पोटाला सिरॅमिक चुंबकाची पट्टी चिकटवलेली असते आणि वर दिसतात ते सहा खिळे साधे लोखंडी. अमेरिकनमध्ये ते खिळे स्वतःच ॲल्निकोचे चुंबक. वहिनींना "टोचलं" ते बहुधा इथे. व्हॉल्यूम कमी केल्यावर मातट होण्याचं कारण पॉट (व्हॉल्यूमच्या बटणाखालचा विजेचा भाग), आणि अमेरिकन प्रो २ मध्ये शिवाय ट्रेबल ब्लीड नावाचं दीड इंचाचं सर्किट जोडलेलं असतं, एक कपॅसिटर आणि एक रेझिस्टर. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चहाच्या पैशात मिळतं.

ट्रेमोलोखालचा (दांडीने सूर हलवायची यंत्रणा) ठोकळा अमेरिकनमध्ये पोलादी. बजेट गिटारींत बऱ्याचदा जस्ताचा ओतीव.

सोल्डरगन

फ्रेटवाले दादांशी सहमत. भर म्हणून माझी फजिती सांगतो, कुणाचे तरी पैसे वाचतील.

मी पण ॲफिनिटीवाला. "सगळे पार्ट अमेरिकन टाकू, पन्नास हजारांत दोन लाखांची गिटार होईल" असा हिशेब केला होता. चांगले पॉट मागवले. त्यांचा दांडा जाड, ९.५ मिमीचं भोक लागतं. आपल्या पिकगार्डला (बॉडीवरची प्लास्टिकची पातळ पट्टी) ८ मिमी. कानशीने भोकं मोठी करता करता पिकगार्डला तडा. नवा पिकगार्ड. मग पोलादी ठोकळा मागवला. ॲफिनिटीची बॉडी नेहमीच्या स्ट्रॅटपेक्षा बारीक असते हे माहीतच नव्हतं. ठोकळा मागून बाहेर! मागचं झाकण लागेना. दोन वर्षं ती गिटार उघड्या पाठीने वाजवली, पोटाला स्प्रिंग लागायच्या.

मापांचाही घोळ आहे. अमेरिकन ब्रिजचे स्क्रू इंची पान्याचे, ०.०५० इंच. आपले १.५ मिमीचे. एकाचा पाना दुसऱ्याला घालून फिरवलात की स्क्रूचं डोकं गेलंच म्हणून समजा.

तात्पर्य: विकायला काढली तेव्हा गिऱ्हाइकाने स्क्वायरचाच भाव केला. आतल्या मालाचे शून्य रुपये मिळाले.

लाकूडतोड्या

सगळे लोक पॉट आणि पिकअपवर बोलताहेत, लाकडाचं कुणी नावच घेत नाही. ॲफिनिटीची बॉडी पॉप्लर, अमेरिकनची ॲल्डर. चांगलं लाकूड घुमतं हो! गिटार पोटाशी धरून मोकळी वाजवून बघा, छातीत जाणवतं. सतारीचा भोपळा बदलला तर आवाज बदलत नाही का?

सोल्डरगन

भोपळ्याचं सोडा साहेब, तिथे भोपळाच आवाज हवेत टाकतो. इथे पिकअपला फक्त तार दिसते. लोखंडी तार चुंबकासमोर हलते, वेटोळ्यात वीज निर्माण होते, तीच अँपला जाते. पिकअपवर तोंड नेऊन ओरडलात तरी त्याला धड ऐकू येत नाही. मागे अमेरिकेतल्या एका गिटारवाल्याने बॉडी-नेक काही न घेता दोन जड टेबलांच्या मधे तारा ताणल्या, खाली पिकअप ठेवला आणि रेकॉर्ड केलं. त्याच्या खऱ्या गिटारच्या शेजारी ते ठेवलं तर वेगळं काढणं मुश्कील.

लाकूडतोड्या

दोन टेबलं गळ्यात अडकवून स्टेजवर जा मग.

फ्रेटवाला

भांडू नका. लाकडाने तार किती लवकर शांत होते यात थोडा फरक पडतो, नाही असं नाही. पण पिकअपची तारेपासूनची उंची चौथाई फिरकी बदलली तर त्याहून जास्त फरक ऐकू येतो, आणि त्याला स्क्रूड्रायव्हर पुरतो. निळे सूर, तुमचा ब्रिज पिकअप "टोचतो" ना? ट्रेबल बाजूने थोडा खाली करा, पुन्हा वहिनींना बसवा. उलट अमेरिकनवर ॲल्निकोचे खिळे तारेच्या फार जवळ आणलेत तर चुंबक तारच ओढतं आणि वरच्या फ्रेटवर जाड तारा बेसूर थरथरतात. महाग गिटारचंही दुखणं असतं.

कोकणी_बीट

लाकडावरून आठवलं. माझ्या स्क्वायरच्या बॉक्सवर फिंगरबोर्ड (नेकवरची, फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी) "इंडियन लॉरेल" लिहिलंय. मला वाटलं काहीतरी विलायती. शोधलं तर ते निघालं आपलं ऐन! आमच्या रत्नागिरीकडच्या घराचे खांब ऐनाचे आहेत. मगरीच्या पाठीसारखी साल असते ते झाड. कोकणातलं झाड इंडोनेशियाच्या गिटारवर बसून परत आमच्याकडे, म्हटलं या बसा, घर तुमचंच आहे.

नागपुरी_उन्हाळा

अरे वा! आमच्याकडे भंडारा-गडचिरोलीला ऐनाच्या पानांवर टसरचे किडे पाळतात. साडीही त्याचीच आणि गिटारही त्याचीच.

फ्रेटवाला

त्याची एक कथा आहे. पूर्वी स्वस्त-महाग सगळीकडे शिसव चालायचा, आपला सह्याद्रीतलासुद्धा. जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या अख्ख्या कुळावर आंतरराष्ट्रीय व्यापाराची बंधनं आली, प्रत्येक खेपेला कागदपत्रं. कंपन्यांनी बजेट गिटारींसाठी ऐन आणि पाऊ फेरोसारखी लाकडं धरली. २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना सूट मिळाली, पण तोवर स्वस्त गिटारींचा ऐनावर संसार थाटून झाला होता. बोटाला म्हणाल तर वर्षातून दोनदा तेलाचा हात फिरवलात की ऐन आणि शिसवात मला तरी डोळे मिटून फरक कळत नाही.

आजोबा_लीडवर

मुलांनो, तुम्ही "बजेट" आणि "प्रीमियम" असे दोन वाडे बांधून बसलात म्हणून म्हाताऱ्याचे चार शब्द.

१९५४ साली स्ट्रॅट आली तेव्हा ती ट्रेमोलोसकट २४९ डॉलर ५० सेंटला होती, आणि जुन्या वळणाच्या गिटारवाल्यांनी नाकं मुरडली होती. का? कारण भारी गिटार म्हणजे कोरीव पोटाची, नेक सरसाने बसवलेली. आणि हा लिओ फेंडर नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, स्वतःला गिटार वाजवता येत नाही, लाकडाची फळी कापतो, नेक चार स्क्रूंनी आवळतो, पुढे पुढे तर मोटारींचे रंग फवारतो. नेक बिघडली? काढा, दुसरी लावा. अमेरिकन स्ट्रॅटची सगळी मूळ कल्पनाच मुळी कारखान्यात झटपट आणि स्वस्तात होणारी गिटार ही होती. आज तिच्यासाठी तुम्ही बोनस मोडताय.

पुढे १९६५ मध्ये फेंडरने कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीला विकली, १ कोटी ३० लाख डॉलरला. सत्तरच्या दशकात माल घसरला आणि जपानी कारखाने जुन्या स्ट्रॅटच्या इतक्या सुंदर नकला काढायला लागले की शेवटी फेंडरनेच १९८२ मध्ये जपानात गिटारी बनवून घेतल्या आणि त्यांवर स्क्वायर हे नाव टाकलं. त्या पहिल्या जपानी स्क्वायर आज जुन्या बाजारात कितीला जातात ते बघा, तुमच्या २४ हजारांत तिची केससुद्धा यायची नाही. म्हणजे ज्या नावाला तुम्ही कमीपणाचं मानताय, त्याची सुरुवात अमेरिकन कारखान्याला लाजवणाऱ्या गिटारीपासून झाली.

अवांतर: पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीशेजारी उभा राहून ब्रायन मे जन्मभर जी गिटार वाजवत आला, ती त्याने आणि त्याच्या वडिलांनी घरी केलेली. नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची, ट्रेमोलोच्या स्प्रिंगा मोटरसायकलच्या. ती बजेट की प्रीमियम?

पॉवरकॉर्ड

आजोबा, दंडवत. धागा बंद करायची सूचना मागे घेतो.

जर्सीतला_जोशी

न्यू जर्सीहून. इथे मधला रस्ता लोक जास्त धरतात: मेक्सिकोत एन्सेनाडाला बनणारी फेंडर, वापरलेली. तो कारखाना १९८७ पासूनचा, कॅलिफोर्नियातल्या कारखान्यापासून गाडीने अर्ध्या दिवसावर. २०१८ साली आलेल्या तिच्या प्लेअर मालिकेत ॲल्निको पिकअप, पूर्ण जाडीची बॉडी आणि २२ फ्रेट सगळं मिळतं. हाताला ती अमेरिकनच्या जवळ जाते, कडांचा गुळगुळीतपणा सोडून.

एक सावधगिरी. हिवाळ्यात घरात हीटर लागला की हवा कोरडी पडते, लाकूड आकसतं, धातूचे फ्रेट आकसत नाहीत, आणि त्यांची टोकं बाजूला करवतीसारखी येतात. माझ्या महागड्या गिटारला हे झालं, स्वस्तातलीला नाही. नशीब.

नागपुरी_उन्हाळा

मे महिन्यात आमच्याकडे कूलरविना तेच, हीटरची गरज नाही.

कोकणी_बीट

आणि आमच्याकडे उलटं. पावसात नेक पुढे वाकते, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) वर चढते, गणपतीत आरतीला गिटार काढली तर पंधरा दिवसांपूर्वीच्या तारा तपकिरी. गोव्यात नाताळच्या डान्सना वाजवणारा माझा मावसभाऊ म्हणतो, समुद्रकाठी दोन लाखांची गिटार म्हणजे दारात पांढरा घोडा. त्याच्याकडे दोन स्क्वायर आहेत. एकीची तार तुटली की दुसरी गळ्यात, गाणं थांबत नाही.

मिरजेची_तार

निळे सूर, निर्णय घेण्याआधी एक करा. आहे त्या स्क्वायरचा नीट सेटअप (तारांची उंची, नेकचा बाक वगैरे जुळवणं) करून घ्या, आणि तोही असा की नट बदलला पाहिजे.

मी सांगलीचा. इथे गिटारचा तंत्रज्ञ मिळेना म्हणून मिरजेत सतारमेकर गल्लीत गेलो. काकांनी गिटार उलटीसुलटी करून पाहिली, म्हणाले, "ही तुमची घोडी मशीनची दिसते. पण वरची पट्टी कुणी घासलीच नाही." गिटारचा नट त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिला असेल, पण जवारी काढणाऱ्या (घोडी घासून सतारीचा झणकार जुळवणाऱ्या) हाताला खाच किती खोल हे कुणी सांगावं लागत नाही. हाडाचा तुकडा घेतला, एकेक तार चढवून, वाजवून, काढून, पुन्हा घासून, दीड तास. मधेच मला म्हणाले, "तानपुऱ्याला जो झणकार मुद्दाम आणायचा, तो तुमच्या वाद्यात दोष का?" मी म्हटलं, काका, आमच्याकडे त्याला बझ म्हणतात आणि पैसे परत मागतात. हसले. पैसे घेताना तेवढेच घेतले जेवढे सतारीचे घेतात.

त्यानंतर माझा ई कॉर्ड पहिल्यांदा ई वाटला.

फ्रेटवाला

वा! याच्यापुढे माझं दुकान बंद करावं लागेल. निळे सूर, सेटअपचे आकडे लिहून घ्या म्हणजे कुणाकडेही गेलात तरी बोलता येईल: १२व्या फ्रेटवर तारांची उंची साधारण १.६ मिमी, नेकला मधोमध पाव मिलिमीटरचा बाक, मग शेवटी इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागेल असं जुळवणं). ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक जुळवणारी सळई) एका वेळी चौथाईपेक्षा जास्त फिरवू नका, आणि फिरवून गिटारला जरा उसंत द्या.

निळा_सूर (धागाकर्ता)

अपडेट. उशीर झाला, क्षमस्व.

स्क्वायर दुरुस्तीला टाकली होती. हाडाचा नट, फ्रेट घासून एका पातळीत, कडा मोडल्या, ट्रेबल ब्लीड, ब्रिज पिकअप खाली. सगळे मिळून साडेचार हजार. सी कॉर्ड सुरात. व्हॉल्यूम ६ वरसुद्धा आवाज जिवंत.

काल पुन्हा बायकोला बसवलं. बारापैकी पाच. आणि "टोचते" एकदाही नाही. चहा पिताना ती म्हणाली, "तू दोन्हीवर तोच तुकडा तशीच चूक करून वाजवतोस, मी ती चूक ऐकून ओळखायचा प्रयत्न करत होते." असो.

हाताचा प्रश्न मात्र पूर्ण सुटलेला नाही. कडा बऱ्या झाल्यात, गोटी नाही झालेल्या. वरच्या फ्रेटला अंगठा अजून अडतो, कारण नेकच्या जोडावर माझीला चौकोनी कोपरा आहे आणि अमेरिकनला तो तासून काढलाय. ते कुठल्याही सेटअपने येणार नाही. तेव्हा माझ्यापुरता हिशेब असा की आवाजासाठी दोन लाख देणं वेडेपणा आहे, पण त्या कोपऱ्यासाठी आणि त्या कडांसाठी कुणी दिले तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. मी १५व्या फ्रेटच्या पुढे फारसा जातच नाही. जेव्हा जाईन तेव्हा बघू. बोनसमधून चांगला अँप घेतोय, सध्याचा दहा वॅटचा डबा दोन्ही गिटारींचा गळा दाबत होता हे मला या सगळ्या खटाटोपातच कळलं.

पॉवरकॉर्ड

उत्तम निर्णय. मग मित्राची अमेरिकन परत केली का?

निळा_सूर (धागाकर्ता)

तो १८ तारखेला परत येतोय. १७ ला रात्री देईन.